काळी पेटी घरी येण्याआधी

एस.टी. फाट्यावर थांबते. मागच्या बाजूने काळी लोखंडी पेटी खाली उतरते. पेटीवर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव घातलेले असते. आजवर रजेवर येताना हातात बॅग असायची, पेटी पलटणीतच राहायची. ज्या दिवशी पेटी आली, त्या दिवशी गडी कायमचा घरी आला असे घरच्यांनी समजायचे.

मग हलगी वाजते, गुलाल उडतो, फेटा बांधला जातो. हुद्दा शिपायाचा असो की सुभेदाराचा, गाव त्याला ‘मेजर’च म्हणते. चार दिवस सत्कारात जातात, पाचव्या दिवशी पाहुणे येतात, आणि आठव्या दिवशी पारावर कोणीतरी विचारतो, “मग मेजर, आता काय करायचं ठरवलंय?”

हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरावर त्या घराची पुढची वीस-पंचवीस वर्षे अवलंबून असतात. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला जवान पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो. त्याच्या बरोबरीचा शाळामास्तर अजून अर्ध्या नोकरीत असतो. मुले दहावी-बारावीला आलेली, आईवडील थकलेले, घराची एक खोली बांधायची राहिलेली. अशा वेळी घरात एकरकमी पैसा येतो आणि सल्लागारही येतात. म्हणून हा लेख फौजेतून येऊन एखादा धंदा करू पाहणाऱ्या जवानासाठी आहे, आणि तितकाच तो त्याच्या घरच्या मंडळींसाठीही आहे.

आपल्याकडे हा विषय काही थोड्या घरांचा नाही. सातारा जिल्ह्यातले अपशिंगे (मिलिटरी) हे गाव सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले आणि त्यांचा स्मृतिस्तंभ गावात उभा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या टाकळीला तर लोक सैनिक टाकळी म्हणूनच ओळखतात. अशा गावांत भरतीची तयारी कशी करावी हे पोराटोरांनाही माहीत असते. पहाटे उठून धावायचे, पुलअप्स काढायचे, कागदपत्रांची फाईल करायची. पण निवृत्तीची तयारी कशी करावी हे मात्र कोणी कोणाला सांगत नाही.

एका घराची हकीकत

माणदेशाकडच्या एका घरची ही गोष्ट आहे. नाव-गाव सांगत नाही, कारण असे घर प्रत्येक तालुक्यात सापडेल.

हवालदार बावीस वर्षे फौजेत गाड्या चालवून आणि दुरुस्त करून घरी आले. लेह-लडाखचे घाट, राजस्थानची वाळू, आसामचा चिखल, सगळीकडे त्यांची गाडी फिरली होती. घरी चार एकर जमीन होती, त्यातली दीड एकर पाण्याखाली. ती शेती इतकी वर्षे घरधनीणच पाहत होती. बी-बियाणे, मजूर, सोसायटीचे कर्ज, डेअरीचे बिल हे सारे तिच्याच हातचे.

पैसे हाती आले तसा चुलतभाऊ म्हणाला, “ट्रॅक्टर घे.” मेव्हणा म्हणाला, “पाहुणं, रस्त्याकडंला गाळा घ्या, हार्डवेअर टाका. सिमेंट-पत्र्याला मरण नाही.” हवालदारांना दुकानाची कल्पना पटली. गाळ्याची अनामत, फर्निचर आणि माल यांत आठ लाख रुपये गेले. रात्री घरधनीण एवढेच म्हणाली, “अहो, दुकानातला माल तुम्हाला ठावा नाही आणि मलाबी नाही. आधी थोडं दिवस कुणाच्या दुकानात बसून बघा की.”

हवालदार हसले. “अगं, बावीस वर्षं बंदूक घेऊन उभा राहिलो, मला काय दुकान जड आहे?”

दुकान चालले, पण ते उधारीवर चालले. भावकी, पाहुणे, शाळेतले सोबती, सगळ्यांचीच घरे बांधायची होती. “मेजर, ऊस गेला की देतो.” फौजेत दिलेला शब्द पाळायचा असतो, म्हणून हवालदारांनी गावाचा शब्दही तसाच धरला. दोन वर्षांत वहीतला आकडा वाढत गेला आणि गल्ला रिकामा होत गेला. घाऊक व्यापाऱ्याने माल थांबवला. शेवटी दुकान बंद करून वही पेटीत ठेवावी लागली.

हवालदार महिनाभर घराबाहेर पडले नाहीत. एके दिवशी म्हाताऱ्या आबांनी विचारले, “लेका, तुला येतं काय?” 

“गाडी येते, आबा.”

“मग गाडीचंच काय ते बघ. जे येत नाही ते करून बघितलंस.”

हवालदार तालुक्याच्या एका गॅरेजात चार महिने राबले. हुद्द्याचा माणूस दुसऱ्याच्या हाताखाली पाना धरतो म्हणून काही लोक हसले. फौजेतल्या आणि गावातल्या गाड्यांत फरक होता, नव्या इंजिनांची रीत वेगळी होती, तीही शिकावी लागली. मग फाट्यावर पत्र्याची शेड घालून ट्रॅक्टर आणि पिकअपच्या दुरुस्तीचे काम सुरू केले. संध्याकाळी हिशेबाला घरधनीण बसते. भिंतीवर पाटी आहे : ‘काम झाल्यावर रोख’. आज त्यांचा बंगला झालेला नाही. पण पेन्शनला हात न लावता घर चालते आणि मुलगी नर्सिंगला आहे.

या हकीकतीत वाईट माणूस कोणीच नाही. चूक एवढीच झाली की तयारी नंतर केली आणि पैसा आधी घातला.

तयारी केव्हा सुरू करावी?

निवृत्तीला दोन-तीन वर्षे असतानाच सुरू करावी. रजेवर आल्यावर लग्नकार्ये आणि घरची डागडुजी यांतून दहा-पंधरा दिवस बाजूला काढावेत. जो धंदा करावासा वाटतो, तो करणाऱ्या माणसाकडे जाऊन बसावे, शक्यतो दुसऱ्या तालुक्यात, म्हणजे तो मोकळेपणाने बोलेल. माल कोठून येतो, पैसा किती दिवसांनी सुटतो, कोणत्या महिन्यात मंदी असते, वाया किती जाते हे विचारावे. दोन रजा अशा घातल्या की अर्धे भ्रम आपोआप गळून पडतात.

नोकरीत असतानाच मिळणारे प्रशिक्षण सोडू नये. संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयातर्फे निवृत्तीच्या जवळ आलेल्या जवानांसाठी निरनिराळे अभ्यासक्रम चालवले जातात. त्यासाठी आपल्या युनिटमार्फत अर्ज करावा लागतो. बरेच जवान ‘शेवटचे दिवस आरामात जाऊ देत’ म्हणून हे टाळतात, किंवा गावाजवळचे केंद्र मिळते म्हणून मिळेल तो कोर्स घेतात. कोर्स पुढच्या कामाशी जुळणारा निवडावा.

घरी आल्यावरही दारे बंद होत नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. तेथे शिकवणे, राहणे आणि जेवण विनामूल्य असते. शेळी, कोंबडी, दूध, फळप्रक्रिया यांसाठी कृषी विज्ञान केंद्र गाठावे. मुख्य म्हणजे या ठिकाणी घरधनिणीलाही बरोबर न्यावे. धंदा घरी चालायचा असेल तर शिक्षणही दोघांचे व्हायला हवे.

पैशाची वाटणी

निवृत्तीच्या वेळी जी रक्कम येते ती एकाच नावाने ओळखली जाते, ‘फंडाचे पैसे’. खरे तर ती चार-पाच वेगवेगळ्या वाटांनी येते : ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी, ग्रुप इन्शुरन्सची रक्कम, शिल्लक रजेचा पगार आणि विकलेल्या पेन्शनची रक्कम. यातली शेवटची बाब नीट समजून घ्यावी. पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा भाग विकून त्याचे एकरकमी पैसे घेता येतात. पण तेवढी कपात दरमहा होत राहते, आणि नियमाप्रमाणे १५ वर्षांनी तो भाग पूर्ववत होतो. म्हणजे ते बक्षीस नव्हे, आपल्याच पुढच्या पगाराची ती उचल आहे. ती उचलून पहिल्याच वर्षी धंद्यात घालणे म्हणजे बियाण्याचे धान्य दळायला नेण्यासारखे आहे.

म्हणून तीन कप्पे करावेत. पहिला कप्पा घरचा : मुलांचे शिक्षण, आजारपण, अडीअडचण. याला धंद्यासाठी कधीही हात लावायचा नाही. दुसरा कर्जफेडीचा : सोसायटीचे आणि सावकाराचे देणे आधी मिटवावे. तिसरा धंद्याचा. या तिसऱ्या कप्प्यातलीही निम्मीच रक्कम सुरुवातीला काढावी. निम्मी खेळत्या भांडवलासाठी मागे ठेवावी. आणि पैसे आल्यानंतर पहिले सहा महिने सगळी रक्कम बँकेत मुदतीवर ठेवून द्यावी. सहा महिन्यांत उत्साही सल्लागार आपोआप कमी होतात. ‘दोन वर्षांत दामदुप्पट’ म्हणणारा कोणीही असो, आपल्याच पलटणीतला जुना सोबती का असेना, त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

नफा कशाला म्हणायचे?

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. समजा, आठ लाख रुपये दुकानात घातले. तेच पैसे ७ टक्क्यांनी बँकेत ठेवले असते तर वर्षाला ५६,००० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ४,७०० रुपये व्याज बसल्याजागी आले असते. शिवाय आपण दिवसभर दुकानात बसतो. दुसऱ्याकडे काम करून १५,००० रुपये मिळाले असते असे धरू. म्हणजे भाडे, वीज, हमाली वजा जाता महिन्याला १९,७०० रुपये उरले, तर दुकान नुसते बरोबरीत आहे. त्याच्या वर जे उरेल तोच खरा नफा. त्याच्या खाली असेल तर दुकान आपल्याला पोसत नाही, आपणच त्याला पोसतो आहोत.

उधारीचेही असेच. ९०० रुपयांची वस्तू आपण १,००० रुपयांना विकतो, मिळतात १००. एका माणसाने ते हजार बुडवले की खरेदीचे ९०० रुपये गेले. ते भरून काढायला पुढची नऊ गिऱ्हाइके रोख यावी लागतात, आणि त्या नऊ जणांच्या मागची मेहनत फुकट जाते. एवढे गणित पाठ असले म्हणजे “ऊस गेला की देतो” याला हसून नकार देता येतो.

कोणता धंदा?

फौजेत काय शिकलो ते आधी कागदावर उतरावे. ड्रायव्हर-मेकॅनिकला गॅरेज किंवा मालवाहतूक, सिग्नलवाल्याला मोटार, पंप, सौर पॅनेल यांची दुरुस्ती, इंजिनिअर पलटणीच्या माणसाला बांधकाम, स्वयंपाक्याला खानावळ किंवा लग्नकार्याची कामे, स्टोअर सांभाळणाऱ्याला किराणा किंवा गोदाम. ज्याला यांतले काहीच नको, त्याने शेतीला लागून असलेला धंदा पाहावा : दूध, शेळ्या, डाळ मिल, तेलघाणा, रोपवाटिका. दुधात उतरताना आधी चारा, मग गोठा आणि शेवटी जनावर, हा क्रम मोडू नये. एकदम दहा गाई आणण्यापेक्षा दोन आणून वर्ष काढावे.

काही धंद्यांना कायद्याची अट असते. कीटकनाशकांच्या दुकानाला परवान्यासाठी कृषी विषयातील पदवी किंवा नियमात मान्य असलेला अभ्यासक्रम लागतो, म्हणून गाळा घेण्याआधी तालुक्याच्या कृषी कार्यालयात चौकशी करावी. सुरक्षारक्षक पुरवण्याची संस्था काढायची तर २००५ च्या कायद्याप्रमाणे राज्याचा परवाना घ्यावा लागतो. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी हवी. ‘उद्यम’ नोंदणी सरकारच्या संकेतस्थळावर विनामूल्य होते, तिच्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

कर्जाच्या योजनांत माजी सैनिकांचा वेगळा विचार झालेला आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या २०२२ मधील सुधारित नियमांत माजी सैनिक विशेष गटात होते. ग्रामीण भागात प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचा वाटा ५ टक्के, असे त्याचे स्वरूप होते. पण अनुदान हातात मिळत नाही. ते तीन वर्षे बँकेतच ठेव म्हणून राहते आणि धंदा चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात वळते होते. अनुदानासाठी धंदा काढणारा म्हणूनच फसतो. योजनांचे नियम बदलत असतात, म्हणून अर्जाआधी जिल्हा उद्योग केंद्रात किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन त्या दिवशीचे नियम विचारावेत.

हुकूम आणि गिऱ्हाईक

फौजेने दिलेल्या सवयी धंद्यात मोलाच्या आहेत. वेळ पाळणे, हत्यारे जागच्या जागी ठेवणे, रोजची नोंद लिहिणे, थकलो तरी काम पुरे करणे. ज्या गॅरेजात पाना नेमक्या खिळ्याला टांगलेला असतो, तिथे गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.

पण काही सवयी पेटीत ठेवाव्या लागतात. तिथे हुकूम दिला की काम होते. इथे गिऱ्हाईक चार वेळा भाव विचारते, कुरकुर करते आणि शेजारच्या दुकानात जाते. रागावून चालत नाही. गडी उशिरा आला म्हणून त्याला सावधान उभे करता येत नाही. घरातही हेच. इतकी वर्षे घर जिने चालवले, तिला परतल्यावर एकाएकी हुकूम देऊ नयेत. शेतीचा आणि गावाचा व्यवहार तिला आपल्यापेक्षा जास्त कळतो हे मान्य केले, तर घरातच एक अनुभवी भागीदार बिनपगारी मिळतो.

आणखी एक. पहिले वर्षभर पंचाने, पुढाऱ्याने आणि भावकीने मागितलेले मोठे हात-उसने देऊ नये. “पैसे मुदतीत अडकलेत” हे उत्तर खरेही असते आणि पुरेसेही.

नेट किती वर्षांचा लागतो?

शेजारच्या कर्नाटकातल्या कॅप्टन गोपीनाथ यांचे उदाहरण पाहा. १९७१ च्या युद्धात भाग घेतलेला हा अधिकारी आठ वर्षांच्या सेवेनंतर गावी परतला. घरची जमीन धरणात गेली होती, तिच्या बदल्यात हासन जिल्ह्यात ओसाड जमीन मिळाली. तिथे तंबू ठोकून त्यांनी शेती उभी केली आणि रेशीम शेतीतल्या कामासाठी १९९६ चा रोलेक्स पुरस्कार मिळवला. मधल्या काळात त्यांनी मोटारसायकलची एजन्सीही चालवली. १९९७ मध्ये हेलिकॉप्टरचा व्यवसाय आणि २००३ मध्ये एअर डेक्कन ही स्वस्त विमानसेवा सुरू झाली. लोकांना विमान आठवते, पण फौज आणि विमान यांच्यामध्ये वीस वर्षांहून अधिक काळ गेला, हे ध्यानात राहत नाही. पुढे २००७ मध्ये किंगफिशरने त्या कंपनीत मोठा हिस्सा घेतला आणि २०१२ मध्ये किंगफिशरची उड्डाणेच थांबली. धंद्यात चढ आहे तसा उतारही आहे. पाय रोवले ते मात्र मातीत, हे विसरू नये.

अग्निवीरांच्या घरी

२०२२ पासून भरतीची रीत बदलली. अग्निवीराची सेवा चार वर्षांची ठरली, आणि योजना जाहीर झाली तेव्हा एका तुकडीतल्या २५ टक्क्यांपर्यंत मुलांना कायम करण्याचे ठरले. बाकीची मुले बाविशी-पंचविशीत परत येणार. त्यांना पेन्शन नाही, सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये एकदाच मिळणार. त्यातला निम्मा भाग त्यांच्याच पगारातून कापलेला असतो. पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले होते.

या आईबापांना हात जोडून विनंती आहे. जुन्या जवानाची चूक पेन्शनने झाकली, याची झाकायला काही नाही. त्या पैशात बहिणीचे लग्न, घराचा स्लॅब आणि दारात जीप हे तिन्ही बसवायला जाऊ नका. पोरगा तरुण आहे, त्याला आधी एखादे कौशल्य शिकू द्या, दोन वर्षे दुसऱ्याकडे राबू द्या. पैसे तोवर बँकेत थांबतील.

कागद आधी, दुकान मागून

शेवटची पण महत्त्वाची गोष्ट कागदांची. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, आधार आणि बँकेचे पुस्तक यांत स्वतःचे, पत्नीचे आणि मुलांचे नाव व जन्मतारीख एकसारखी आहे ना, ते निवृत्तीआधीच तपासावे. एका अक्षराच्या फरकापायी पुढे विधवा बाईला कुटुंब निवृत्तिवेतनासाठी हेलपाटे घालावे लागतात. गावी आल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करावी, वैद्यकीय योजनेचे कार्ड काढावे. आणि हे सारे कागद कोठे आहेत ते घरधनिणीला दाखवून ठेवावे.

सरहद्दीवर रात्र काढण्याआधी जवान रस्ता पाहतो, पाणी पाहतो, माघारीची वाट पाहून ठेवतो. मगच पाऊल टाकतो. गावात धंदा मांडताना याहून वेगळे काही करायचे नाही. काळी पेटी घरी येईल तेव्हा येईल. ती येण्याआधी, पुढच्या रजेच्या एखाद्या संध्याकाळी, वही-पेन्सिल घेऊन नवरा-बायकोने ओसरीवर बसावे आणि वर मांडलेला आठ लाखांचा हिशेब आपल्या आकड्यांनी करून पाहावा. जमल्यास म्हाताऱ्या आबांनाही बोलवावे. ‘तुला येतं काय?’ हा प्रश्न विचारणारे कोणीतरी घरात असावे लागते.